नातलगांच्या घरी वाढणारी बालके आणि आरोग्यसेवेचा हक्क

आईवडिलांचे छत्र हरपलेले मूल आजोळी वाढणे, धाकट्या भावाच्या पश्चात त्याची मुले थोरल्याने आपल्या मुलांत सामावून घेणे, परगावी कामास गेलेल्या लेकीची मुले आजीने सांभाळणे या गोष्टी भारतीय कुटुंबात इतक्या स्वाभाविक मानल्या जातात, की त्यांना वेगळे नाव देण्याची गरज समाजाला कधी भासली नाही. शासकीय व्यवहारात मात्र ज्याला नाव नाही त्याला रकानाही नसतो. दवाखान्याच्या केसपेपरपासून विम्याच्या कार्डापर्यंत सर्वत्र आईचे नाव, वडिलांचे नाव विचारले जाते. मुलाला कडेवर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आजीचे किंवा मामाचे स्थान त्या कागदावर कोठे, याचे उत्तर बहुधा समोरच्या कर्मचाऱ्यावर अवलंबून राहते.

अशा बालकांची संख्या थोडी नाही. कोविड महासाथीच्या काळात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 'बाल स्वराज' संकेतस्थळावरील नोंदींच्या आधारे जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सादर केलेली माहिती या दृष्टीने बोलकी आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व कारणांनी आई, वडील किंवा दोघांनाही गमावलेल्या वा टाकून दिलेल्या १,४७,४९२ बालकांची नोंद त्यात होती. त्यांपैकी १०,०९४ बालकांचे दोन्ही पालक दगावले होते. ही मुले गेली कोठे? १,२५,२०५ बालके हयात असलेल्या पालकाकडे, ११,२७२ कुटुंबातील अन्य व्यक्तींकडे व ८,४५० पालकत्व स्वीकारलेल्या व्यक्तींकडे राहत होती. बालगृहांत दाखल झालेली मुले अवघी १,५२९ होती. संकटात सापडलेल्या मुलाला आधार प्रथम नात्यातूनच मिळतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. त्या आधारामागे आरोग्ययंत्रणा कितपत उभी राहते, हा येथील विचाराचा विषय आहे.

एक काल्पनिक, परंतु अनेक घरांशी जुळणारे उदाहरण घेऊ. राजस्थानातील दगडखाणींच्या पट्ट्यातील एका गावी सात वर्षांची एक मुलगी वडिलांच्या आईपाशी राहते. वडील खाणीत काम करता करता सिलिकोसिसने दगावले. आई प्रचलित 'नाता' प्रथेनुसार दुसऱ्या घरी गेली. शाळेत आरोग्य तपासणी पथक येते. मुलीच्या हृदयाच्या ठोक्यांत दोष असल्याची शंका डॉक्टर व्यक्त करतात आणि पुढील तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी आजीच्या हाती पडते.

गावातील सेवा व हरवणारी नोंद

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की गावपातळीवरील बहुतेक आरोग्यसेवा मुलाला कोण घेऊन आले आहे, हे विचारत नाहीत आणि त्यांनी ते विचारण्याचे कारणही नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आज बारा रोगांवरील लसी मोफत दिल्या जातात. त्या आजीने आणलेल्या मुलालाही तितक्याच मिळतात. अंगणवाडीतील पूरक आहार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या सर्व बालकांसाठी आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बालकास सार्वजनिक रुग्णालयात औषधे, तपासण्या, रक्त व वाहन विनामूल्य देण्याची तरतूद आहे. पुढे ती एक वर्षापर्यंतच्या बालकांस लागू करण्यात आली. आई हयात नसल्याने हा हक्क कमी होत नाही. फेब्रुवारी २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वादींची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब या चार गटांतील दोष त्यांत शोधले जातात. उदाहरणातील मुलीचा आजार लक्षात आला तो याच कार्यक्रमामुळे.

अडचण निराळीच असते. मूल गाव बदलते, पण त्याची नोंद जुन्या गावीच राहते.

प्रसूतीनंतर आई दगावली, की अर्भकास बहुधा आजोळी नेले जाते. आशा कार्यकर्तीने नवजात बालकाच्या घरी ठरावीक दिवशी भेटी द्यावयाच्या असतात. प्रसूती संस्थेत झाली असल्यास तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा आणि घरी झाली असल्यास पहिल्या दिवसासह सात भेटी अपेक्षित आहेत. सासरच्या गावातील आशेच्या वहीत हे मूल 'गाव सोडून गेले' अशा शेऱ्याने संपते. आजोळच्या गावातील आशेला ते आल्याचे कोणी कळवलेले नसते. मातृदुग्धास मुकलेल्या अर्भकाला ज्या सहा आठवड्यांत सर्वाधिक देखरेखीची गरज असते, नेमक्या त्याच काळात ते दोन्ही याद्यांबाहेर राहते. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने दूध पाजावे, दुधात अंदाजाने पाणी घालू नये, वजन दर महिन्यास करून घ्यावे, या साध्या गोष्टी सांगणारे कोणी घरात फिरकत नाही. देशातील मातामृत्यूचे प्रमाण २००१-०३ मधील दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ वरून २०१८-२० मध्ये ९७ पर्यंत उतरले, ही मोठीच कामगिरी होय. मातामृत्यूच्या प्रत्येक घटनेची चौकशी करण्याची पद्धतही रूढ झाली आहे. त्या चौकशीच्या कागदातच मागे राहिलेले मूल आता कोणाकडे आहे, एवढी एक नोंद घेऊन ती त्या गावच्या उपकेंद्रास कळवली, तर फार मोठे काम साधेल.

क्षयरोगाबाबतही असेच घडते. क्षयाने आजारी असलेल्या व्यक्तीच्या घरातील सर्वांची तपासणी करून, रोग नसल्यास प्रतिबंधक औषध देण्याचे धोरण आहे. पूर्वी हे औषध मुख्यतः सहा वर्षांखालील मुलांना दिले जाई. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याची व्याप्ती घरातील सर्व संपर्कितांपर्यंत वाढवली. परंतु आई क्षयाने दगावली आणि मूल शंभर किलोमीटरवरील आजोळी गेले, तर 'घरातील संपर्कित' म्हणून त्याला शोधणार कोण? मुलाला पुढे सतत खोकला व ताप येऊ लागला, तर डॉक्टरांना आईच्या आजाराची माहिती देणारी व्यक्ती समोर असेलच असे नाही. यास्तव मूल सांभाळावयास घेणाऱ्या नातलगांनी त्याच्या कपड्यांबरोबर काही कागदही मागून घ्यावेत. माता व बाल संरक्षण कार्ड, जन्म दाखला, आईवडिलांच्या आजारपणाचे जुने कागद आणि मृत्यू झाला असल्यास मृत्यू दाखला, हे ते होत. मध्य भारतातील आदिवासी पट्ट्यात सिकलसेल तपासणीचे कार्डही त्यात असावे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानात ही कार्डे दिली जात आहेत. लसीकरण कार्ड हरवले असले तरी लस नाकारता येत नाही. आरोग्य सेविकेने वयानुसार राहिलेल्या मात्रा द्यावयाच्या असतात. २०२३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या 'यू-विन' या संगणकीय नोंदीमुळे एका गावची लस-नोंद दुसऱ्या गावी दिसणे शक्य झाले आहे. पोषण ट्रॅकरवरही स्थलांतरित बालकाची नोंद नव्या अंगणवाडीकडे वळवता येते. पण मूल आल्याचे अंगणवाडी सेविकेच्या कानावर घातले गेले, तरच हे घडते. शोकात बुडालेल्या घराला ते सुचतेच असे नाही.

आधार क्रमांकाचा उल्लेख येथेच केलेला बरा. तो नसल्याच्या कारणावरून मूल परत पाठवले जाण्याची भीती अनेकांना वाटते. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नि:संदिग्धपणे सांगितले आहे, की आधार क्रमांक सादर करता आला नाही म्हणून कोणत्याही बालकास योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. अन्य कागदपत्रांवरून ओळख पटवून लाभ द्यावा.

सही कोणाची?

जिल्हा रुग्णालयात उदाहरणातील मुलीच्या हृदयाला छिद्र असल्याचे निदान होते व मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करावी असे ठरते. इथवर आजीला कोणी अडवलेले नसते. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राशी मात्र गाडे थांबते. 'वडिलांची सही हवी. ते नसतील तर आईची. आजीची सही चालणार नाही,' असे सांगितले जाते. आई कोठे आहे हे ठाऊक असते; पण ती येईल की नाही, हे तिच्या नव्या घरावर अवलंबून असते.

कायदा काय सांगतो? १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियमानुसार नैसर्गिक पालक म्हणजे पिता व त्याच्या पश्चात माता. आजी-आजोबा, काका-मामा त्यात येत नाहीत. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात लहान मुलाचा सांभाळ आणि पालकत्व या दोन निराळ्या गोष्टी मानल्या आहेत. हनफी मतानुसार आईनंतर सांभाळाचा अधिकार आईच्या आईकडे जातो, तर पालकत्व पित्याकडे व पुढे पितामहाकडे असते. मूल सांभाळणारी व्यक्ती आणि सहीचा अधिकार असलेली व्यक्ती वेगळ्या असू शकतात, ही गोष्ट म्हणजे नवी नाही.

परंतु उपचारांच्या संमतीचा विचार करताना केवळ नैसर्गिक पालकाची व्याख्या पाहून थांबणे योग्य नव्हे. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्‌हेतूने केलेल्या कृत्याला भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ ने संरक्षण दिले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम २७ मध्ये आहे. त्यात पालकाच्या संमतीबरोबरच मुलाचा कायदेशीर ताबा असलेल्या अन्य व्यक्तीची संमतीही मान्य केली आहे. कलम ३० त्याच्याही पुढे जाते. संमती देऊ शकणारे कोणी वेळेत सापडणे शक्य नसेल, तर रुग्णाच्या हितासाठी संमतीविना केलेला उपचारही गुन्हा ठरत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा तातडीच्या प्रसंगी सहीसाठी मूल खोळंबून ठेवण्यास कोणताही आधार नाही. ही कलमे फौजदारी जबाबदारीपुरती आहेत हे खरे. नुकसानभरपाईच्या दाव्याची धास्ती डॉक्टरांच्या मनात राहतेच. बारा वर्षांवरील मुलांबाबत स्वतंत्र व स्पष्ट तरतूद नसल्याने रुग्णालये प्रघात म्हणून अठरा वर्षांपर्यंत पालकाची सही घेतात. डॉक्टरांनी सावधगिरी बाळगणे समजण्यासारखे आहे. मात्र त्या सावधगिरीची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही पाहिले पाहिजे. तातडीची नसलेली, पण लांबवणे घातक असलेली शस्त्रक्रिया या एका सहीपायी महिनोन्‌महिने पुढे जाऊ शकते.

या संदर्भात एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ने बाधित कुटुंबातील बारा वर्षांवरील समंजस भावंडाला लहान भावंडांचा पालक म्हणून मान्यता दिली आहे. शाळाप्रवेश, बँक खाते व औषधोपचार या सर्वांसाठी ती चालते. घर वास्तवात कोण चालवते, हे पाहून केलेला हा कायदा आहे. एका रोगापुरता का होईना, कायद्याने बारा वर्षांच्या बहिणीवर टाकलेला विश्वास साठ वर्षांच्या आजीच्या वाट्याला अन्य आजारांत इतक्या स्पष्ट शब्दांत आलेला नाही.

बाल कल्याण समितीचा मार्ग

सहीचा प्रश्न कायमचा सोडवण्याचे मार्ग तीन. पहिला दत्तकविधानाचा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार काका, आत्या, मामा, मावशी व दोन्हीकडचे आजी-आजोबा 'नातेवाईक' म्हणून दत्तक घेऊ शकतात. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. पण मृत भावाचे नाव पुसून मूल आपल्या नावावर करणे बहुतेक कुटुंबांना रुचत नाही, आणि त्यात गैर काही नाही. दुसरा मार्ग १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घेण्याचा. असा आदेश सर्वत्र निर्विवाद मानला जातो. पाल्याचे पोषण, आरोग्य व शिक्षण पाहणे हे अशा पालकाचे कर्तव्य असल्याचे तो अधिनियमच सांगतो. परंतु वकील, तारखा व प्रवास यांचा भार मजुरी करणाऱ्या घराला सोसत नाही. मुलाच्या नावे जमीन वा अन्य मालमत्ता असेल, तर मात्र हाच मार्ग धरावा लागतो.

तिसरा मार्ग जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा. त्याची माहिती सर्वांत कमी लोकांना आहे, म्हणून येथे थोडा विस्तार केलेला बरा. अध्यक्ष व चार सदस्य असलेली ही समिती महिन्यातून किमान वीस दिवस बसणे बंधनकारक आहे. बाल न्याय अधिनियमातील पालकाची व्याख्या व्यापक आहे. नैसर्गिक पालकाखेरीज ज्या व्यक्तीकडे मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ आहे असे समितीचे मत होईल व जिला समिती कामकाजात तशी मान्यता देईल, ती व्यक्तीही पालक होय. समिती मुलाला 'योग्य व्यक्ती'कडे सोपवण्याचा आदेशही देऊ शकते. अर्जासाठी वकिलाची गरज नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कर्मचारी घरी येऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो, मुलाशी बोलतो. मग समिती निर्णय देते. अशा आदेशाची प्रत संमतिपत्रासोबत जोडली, की आजीचा सांभाळ कायदेशीर आहे याचा लेखी पुरावा रुग्णालयाच्या हाती येतो. १०९८ या बाल साहाय्य क्रमांकावरूनही समितीपर्यंत पोहोचता येते.

या मार्गात दोन अडथळे आहेत. पहिला कुटुंबाच्या मनातला. समितीपुढे गेलो तर मूल काढून घेऊन बालगृहात ठेवतील, ही भीती खेड्यापाड्यांत सर्रास आढळते. अधिनियमाचे तत्त्व नेमके उलटे आहे. संस्थेत ठेवणे हा सर्वांत शेवटचा पर्याय मानावा, असे त्यात म्हटले आहे. दुसरा अडथळा अधिनियमाच्या शब्दरचनेत आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाच्या व्याख्येतील एका उपखंडात 'आईवडील नाहीत व सांभाळण्यास कोणी तयार नाही' अशा मुलाचा उल्लेख येतो. आजी तयार आहे, मग मुलाला आमची गरज काय, असा अर्थ लावून प्रकरण परत पाठवता येते. वस्तुतः आईवडील सांभाळ करण्यास असमर्थ असलेल्या मुलाचा त्याच व्याख्येत अन्यत्र समावेश आहे. 'मिशन वात्सल्य'च्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांत तर विस्तारित कुटुंबात राहणाऱ्या अनाथ मुलाला प्रायोजकत्वासाठी स्पष्टपणे पात्र ठरवले आहे. त्याखाली दरमहा ४,००० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० व अन्यत्र ९६,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे. प्रायोजकत्वाचा आदेश व पालक म्हणून मान्यता ही दोन्ही कामे एकाच अर्जात मागून घेणे शहाणपणाचे ठरते.

आणि हे सर्व मूल आजारी पडण्यापूर्वी करावयाचे आहे. आजीने मुलीला घरी आणल्यावर महिन्या-दोन महिन्यांत हा अर्ज केला असता, तर शस्त्रक्रियेच्या दिवशी कोणाची वाट पाहावी लागली नसती.

विमा कार्डावरील कुटुंब

मोठ्या उपचारांचा खर्च हा पुढचा प्रश्न. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण होते व एका कार्डावर पाचच नावे बसत. आश्रयास आलेले पुतणे-भाचे साहजिकच सहावे वा सातवे ठरत. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने कुटुंबाच्या आकाराची व वयाची मर्यादा काढून टाकली आणि वार्षिक संरक्षण पाच लाख रुपये केले. नातलगांकडील मुलांच्या दृष्टीने आकाराची मर्यादा जाणे ही रकमेइतकीच महत्त्वाची गोष्ट होय. तथापि लाभार्थी कुटुंबांची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावर आधारलेली आहे. त्यानंतर जन्मलेल्या वा घरात आलेल्या मुलाचे नाव त्यात मुद्दाम जोडून घ्यावे लागते. शिधापत्रिकेवर मुलाचे नाव असेल तर हे सुकर होते. म्हणून मूल घरी आल्यावर जुन्या शिधापत्रिकेवरून नाव कमी करून आजीच्या शिधापत्रिकेवर घेणे हे केवळ पाच किलो धान्यापुरते काम राहत नाही. राजस्थानात राज्याची आरोग्य विमा योजना 'जन आधार' या कौटुंबिक कार्डाशी जोडलेली आहे. उदाहरणातील मुलीचे नाव आईवडिलांच्याच जन आधारवर राहिले असेल, तर आजीच्या कार्डावर उपचार मिळणे अवघड.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान योजनेचे कार्ड मिळू लागले आहे. आजीकडे कार्ड आहे म्हणजे नातही त्यात आली, असे अनेक घरांत गृहीत धरले जाते. हे संरक्षण केवळ त्या ज्येष्ठ व्यक्तीपुरते असते. कुटुंब मूळ यादीत नसेल, तर नातीला त्याचा उपयोग नाही. संघटित क्षेत्रातील कामगारांच्या राज्य विमा योजनेतही औरस वा दत्तक अपत्ये, अवलंबून असलेले आईवडील आणि विशिष्ट परिस्थितीत अज्ञान भावंडे कुटुंबात मोडतात. नातू, पुतण्या, भाची मात्र नाहीत. कारखान्यात नोकरी करणारा मामा भाचीचा शाळेचा खर्च करील. रुग्णालयाच्या कार्डावर तिला नेऊ शकणार नाही.

कोविडमुळे अनाथ झालेल्या मुलांसाठी २९ मे २०२१ रोजी जाहीर झालेल्या 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन' योजनेने या अडचणीवर सरळ तोडगा काढला. मूल कोणाकडे राहते हे न पाहता त्याला अठरा वर्षांपर्यंत आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे संरक्षण देण्यात आले व त्याचा हप्ता निधीतून भरला गेला. लाभार्थी साडेचार हजारांच्या आसपास आहेत. संरक्षण मुलाच्या नावाने असावे, ते ज्या घरात आश्रयाला आहे त्या घराच्या पात्रतेवर अवलंबून नसावे, ही कल्पना व्यवहारात उतरू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. क्षयाने, बाळंतपणात, अपघातात वा सिलिकोसिसने पोरक्या झालेल्या मुलाला हीच सोय का नसावी, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही. मृत्यूचे कारण बदलल्याने मुलाचा आजार बदलत नाही.

राज्यांचे प्रयत्न

नातलगांना मासिक साहाय्य देण्यात राजस्थानची 'पालनहार' योजना अग्रेसर म्हणावी लागेल. २००५ मध्ये ती अनुसूचित जातींतील अनाथ बालकांपुरती होती. पुढे सर्व समाजांतील अनाथ, तुरुंगात जन्मठेप भोगणाऱ्यांची मुले, कुष्ठरोग, एचआयव्ही वा सिलिकोसिसग्रस्त पालकांची मुले आणि नाता प्रथेने गेलेल्या मातेची मुले अशी तिची कक्षा रुंदावत गेली. स्थानिक रूढी नाकारण्याऐवजी तिचा मुलांवर होणारा परिणाम ओळखून केलेली ही तरतूद अभ्यासण्याजोगी आहे. अनुदानासाठी मुलाने अंगणवाडीत वा शाळेत जाणे आवश्यक असते. त्याच वार्षिक पडताळणीत विमा कार्डावर मुलाचे नाव आले की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ. गुजरातच्या 'पालक माता-पिता' योजनेत नातलगांना दरमहा ३,००० रुपये मिळतात. केरळात 'स्नेहपूर्वम्' आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतील दरमहा ४२५ रुपयांचे अनुदान २०२१ मध्ये १,१०० आणि २०२३ मध्ये २,२५० रुपये झाले व योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. रोख साहाय्याचे मोल मोठेच आहे. आजारपणात पहिला खर्च एस.टी.च्या तिकिटाचा असतो.

आईवडील दूर असतात तेव्हा

आईवडील हयात आहेत, पण वर्षातील सहा महिने गावी नाहीत, अशा मुलांचा विचार योजनांत क्वचितच होतो. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारी कुटुंबे, पश्चिम ओडिशातून वीटभट्ट्यांवर तेलंगणाकडे जाणारे मजूर हे याचे ठळक नमुने. शाळा बुडू नये म्हणून काही मुले आजी-आजोबांपाशी ठेवली जातात. ही मुले अनाथ नाहीत, त्यामुळे समितीचा आदेश वा अनुदान यांचा प्रश्न बहुधा येत नाही. पण रात्री ताप डोक्यात गेला आणि तालुक्याला न्यावे लागले, तर कार्ड आईच्या पेटीत फडावर असते. निघण्यापूर्वी आयुष्मान कार्डाची व लसीकरण कार्डाची प्रत आजीजवळ ठेवणे हाच यावर उपाय. त्यासोबत आपल्या गैरहजेरीत मुलाच्या उपचारांस संमती देण्याचा अधिकार आजी-आजोबांना दिल्याचे, दोघांच्या सह्यांचे साधे पत्र असावे. अशा पत्राने पालकत्व बदलत नाही. परंतु मूल आईवडिलांच्या संमतीने आजीच्या ताब्यात आहे, हे त्यातून सिद्ध होते व संमतिपत्रासाठी रुग्णालयाला लेखी आधार मिळतो. कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे ठेवावे लागते. तेथे सोबत राहणाऱ्या व्यक्तीला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. ती आईऐवजी आजीलाही मिळू शकते, हे अंगणवाडी सेविकेने घरी जाऊन सांगितले पाहिजे. एरवी म्हातारी रोजगार बुडेल म्हणून मुलाला घेऊन जातच नाही.

सांभाळणाऱ्याचे वय

नातलगांच्या सांभाळात एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही. आजीला मोतीबिंदू असतो. औषधाच्या बाटलीवरील मात्रा तिला दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्षातून दोनदा शहरात तपासणीस नेणे तिच्याने होईलच असे नाही. मुलीची देखरेख सुरळीत व्हावी असे वाटत असेल, तर आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रियाही त्याच सुमारास करून घेतली पाहिजे. पण बालआरोग्याच्या नोंदवहीत सांभाळणाऱ्याच्या आरोग्यासाठी जागा नसते.

आजीच्या पश्चात काय, हा प्रश्नही तिच्या हयातीतच विचारावा लागतो. आईवडील मृत्युपत्राने पालक नेमू शकतात. समितीने मान्यता दिलेल्या आजीला आपल्यामागे कोणी दुसरा पालक नेमून ठेवण्याचा तसा अधिकार नाही. तिच्या मृत्यूनंतर नवा अर्ज, नवा अहवाल, नवा आदेश हे सर्व पुन्हा करावे लागते. दरम्यान मुलीचे औषध चालूच असते. त्यामुळे पहिल्याच सामाजिक तपासणीच्या वेळी घरातील वा नात्यातील दुसऱ्या एखाद्या व्यक्तीचे, मुलीला परिचित असलेल्या काकूचे वा मावशीचे, नाव अहवालात लिहून घ्यावे. रुग्णालयाच्या फाइलवरही त्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक असावा आणि पुढच्या तपासणीला तिने एकदा तरी आजीबरोबर जाऊन यावे.